धावडी उलटी वाहिली तेव्हा

मी घर सोडलं त्या सकाळी धावडीच्या रपट्यावरून पाणी वाहत होतं. रपटा म्हणजे नाल्याच्या तळातूनच काढलेला सिमेंटचा रस्ता. आठ महिने त्याच्यावरून बैलगाड्या जातात, चार महिने नाला जातो. कुक्षीला जाणारी बस अलीकडच्या काठावर उभी होती आणि ड्रायव्हर खाली उतरून बिडी ओढत होता. पाणी उतरल्याशिवाय तो गाडी घालणार नव्हता, आणि त्याचं बरोबरच होतं.

माझे वडील, नाना, गावच्या सरकारी शाळेत मास्तर होते. शाळेत येणारी निम्मी पोरं नाल्याच्या पलीकडची. पाणी वाढलं की नाना घंटा वाजवून त्यांना वर्गातच बसवून ठेवत आणि दर पावसाळ्यात एकच गोष्ट घोकायला लावत, "नाला चढला की थांबायचं. शाळा बुडाली तरी चालेल." त्या दिवशी मात्र त्यांनी तीनदा घड्याळ पाहिलं. कुक्षीहून पुढची इंदौरची गाडी चुकली असती तर दुसऱ्या दिवशी मला देवासच्या शाळेत हजर होता आलं नसतं, आणि ती नोकरी दुसऱ्या कुणाला तरी मिळाली असती.

त्यांनी चपला काढून माझ्या आईच्या, माईच्या हातात दिल्या, पायजमा गुडघ्यापर्यंत गुंडाळला, कुंपणातला एक बांबू उपसला आणि पाण्यात शिरले. "ड्रायव्हर साब, मेरे पीछे-पीछे आने दो," ते म्हणाले. बांबूने सिमेंट चाचपत ते पुढे चालू लागले आणि त्यांच्या पाठीमागे बस. मी खिडकीशी होते. मधोमध गेल्यावर ते थांबले. मान वळवून वरच्या अंगाला कान देऊन उभे राहिले. बसही थांबली. पाणी चाकांवर आपटत होतं. मग ते पुन्हा चालायला लागले.

पलीकडे पोचल्यावर ते बाजूला झाले. ड्रायव्हरने चढावर गाडी थांबवली नाही, थांबवली असती तर घसरली असती. नानांनी हात वर केला, आणि वळण आलं. बस पुढे गेल्यावर मला कळलं, की त्यांना अजून परत जायचंय. माई अलीकडे, चपला तिच्या हातात, आणि नाना पलीकडे.

ते परत पोचले की नाही हे मला आठ दिवसांनी समजलं. पोस्टकार्ड आलं. "मी दुपारी चारपर्यंत पलीकडेच बसून राहिलो. पाणी उतरल्यावर गेलो. काळजी नसावी." तोवरचे आठ दिवस मी देवासमध्ये पोरांना पाढे शिकवत होते आणि मनात एकच चित्र होतं, रिकामा रपटा आणि काठावर उभी असलेली माई.

तुमच्यातले जे आमच्या भागातून बाहेर पडलेत, कुणी इंदौर, कुणी पुणे, कुणी थेट परदेशात, त्यांना हे सांगायची गरज नाही. पण माझी मुलगी ईशा सारखं विचारते, की आई, पाऊस आला की तू फोन हातात का धरून बसतेस. तिच्यासाठीही हे लिहितेय. तिचं मराठी वाचन अडखळत चालतं. हिंदी शाळेत शिकली, "च" आणि "ज"चे दोन-दोन उच्चार तिला अजून जमत नाहीत. तरी वाचेल.

आमचं गाव धार जिल्ह्यात, बाग नावाच्या गावाच्या खालच्या अंगाला. गावाच्या दोन बाजूंना दोन नाले. धावडी बारमाही, दगडांवरून खळखळत येणारी. दुसरी सुकडी, नावाप्रमाणेच वर्षातला बराच काळ कोरडी. शाळेच्या खाली दोघी एकत्र येतात, पुढे बाघनीला मिळतात, आणि बाघनी आणखी एकदोघींना सोबत घेऊन नर्मदेला. बागला छापलेली कापडं बाघनीच्या वाहत्या पाण्यात धुतात. लहानपणी मला वाटायचं, ते सगळे लाल-काळे रंग आमच्या गावाखालून जाऊन नर्मदेत उतरत असतील.

माझी भीती सुकडीपासून सुरू झाली. मी नऊ-दहा वर्षांची असेन. ऊन पडलं होतं, आभाळ स्वच्छ, आणि मी सुकडीच्या कोरड्या पात्रात चिंचा वेचत होते. नाना काठावरून जात होते. एकदम त्यांचा आवाज आला, "चढ." माझं नाव नाही, दुसरा शब्द नाही. मी वर पाहिलं तर त्यांचा चेहरा असा काही झाला होता, की मी चिंचा टाकून चारी हातापायांनी दरड चढले. वर येऊन वळून पाहते, तर वळणावरून एक तपकिरी भिंत येत होती. पुढे काटक्या, शेण, फेस. वर डोंगरात कुठेतरी पडलेला पाऊस. मी उभी होते ती जागा क्षणात गेली. नाना म्हणाले, "दगड गडगडल्याचा आवाज येतो आधी. पाणी दिसायच्या आधी ऐकू येतं. कान उघडे ठेवायचे." त्यांचा त्या आवाजावर फार विश्वास होता. धावडीचा आवाज वेगळा, सुकडीचा वेगळा. घरात भाजी निवडता निवडता ते सांगायचे, की हात-दीड हात पाणी वाढलंय. ते खरंही निघायचं.

देवासला आले आणि माझी ही भीती बरीच निवळली. कारण तिथे पाणीच नव्हतं. तेव्हा मोहल्ल्यात टँकर यायचा आणि बायका पहाटेपासून डबे रांगेत लावून ठेवायच्या. सगळे त्रासलेले असत, मी मनातून खूश. टँकरचं पाणी कुणाला वाहून नेत नाही. माझं लग्न तिथेच झालं. शिरीषचं घराणं जुन्या दरबारातल्या कारभाऱ्यांचं. घरात अजून सासूबाईंना आईसाहेब म्हणतात आणि मोठ्या जावेला वहिनीसाहेब, बाहेर मात्र सगळा "क्या भिया" असा इंदौरी बोलीतला कारभार. आईसाहेबांनी मला पहिल्या वर्षी टेकडीवर देवीला नेलं. वरून सगळं शहर दिसत होतं. मी विचारलं, "इथलं पाणी कुठे जातं?" त्यांना प्रश्न समजलाच नाही. शिरीषने सांगितलं, की इकडचे नाले शिप्रेला, शिप्रा चंबळेला, चंबळ यमुनेला. म्हणजे आमच्या गावच्या अगदी उलट दिशेला. धारच्या पुढे घाट उतरला की पाणी फिरतं, दक्षिणेकडे चालू लागतं. मी पाण्याच्या त्या रेषेच्या अलीकडे येऊन राहिले होते. मला वाटलं, सुटले.

माई गेली तेव्हा नाना रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती. शाळेजवळ बांधलेल्या दोन खोल्यांच्या घरात ते एकटे राहायला लागले. मी दर सुट्टीत जाऊन म्हणायचे, "नाना, चला आता." ते म्हणायचे, "बघू." त्याच सुमारास खालच्या मोठ्या धरणाचं पाणी चढत चढत नर्मदेतून बाघनीत आणि बाघनीतून आमच्या नाल्यांच्या तोंडापर्यंत यायला लागलं होतं. पाणी कुठवर चढेल त्याच्या खुणा गावातल्या दगडांवर रंगाने झाल्या. खालची घरं पुनर्वसनाच्या दूरच्या वसाहतीत गेली. नानांचं घर खुणेच्या वर होतं. फोनवर ते हसून सांगायचे, "आपलं वर आहे गं मंजू. खूण मी स्वतः पाहून आलो." पण एकदा ते बोलता बोलता थांबले आणि म्हणाले, "धावडी खालच्या अंगाला हल्ली बोलत नाही. नुसती उभी असते." मी विषय बदलला.

भाद्रपदातली गोष्ट. तीन दिवस फोनवर रेड अलर्ट येत होते. चौथ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास भुवानसिंगचा फोन आला. भुवानसिंग नानांचा जुना विद्यार्थी, शेजारीच शेती करतो. आवाज तुटत होता. "दीदी, माटसाब सबेरे फलिये में गए थे. अभी तक आए नहीं. पानी पीछे से भर गया है." माटसाब म्हणजे मास्तरसाहेब, नाना, आणि फलिया म्हणजे सुकडीपलीकडची आदिवासी वस्ती, पाच-सात घरांची. पुढे काही विचारायच्या आत फोन गेला, आणि मग लागलाच नाही.

शिरीषने ऑफिसला कळवलं आणि गाडी काढली. ईशाला आईसाहेबांपाशी ठेवलं. त्या रस्त्यावर मी शेकडो वेळा गेले असेन, पण त्या दिवशी मला प्रत्येक पूल वेगळा दिसला. घाटाबिल्लोदला चंबळ मातकट होऊन पुलाखाली भरून चालली होती. धार ओलांडलं, घाट उतरलो, आणि तिथून पुढे प्रत्येक ओढा आमच्याच दिशेने पळत होता. आम्ही आणि ते सगळं पाणी एकाच ठिकाणी निघालो होतो. मी शिरीषला म्हटलं, "जरा जोरात चालव." दोन मिनिटांनी म्हटलं, "इतक्या जोरात नको." त्याने वेग जरा कमी केला. मी फोन लावत राहिले. तेच ते बाईचं रेकॉर्ड केलेलं वाक्य.

तीन वाजता पोचलो. रस्ता सरळ पाण्यात जात होता. रपटा कुठे आहे ते ओळखूही येईना. आणि आवाज नव्हता. मला पूर माहीत होता तो गर्जत येणारा, झाडं उपटणारा. हे तळ्यासारखं पसरलं होतं, कापसाच्या झाडांचे शेंडे वर, मध्येच एका पंपाच्या खोलीचं छप्पर. पाण्यावरची काडी खालून वर, डोंगराकडे सरकत होती. मी ती काडी बघत राहिले. धावडी उलटी चालली होती.

भुवानसिंग काठावर होता. त्याने सांगितलं ते असं. पहाटे खालून पाणी चढतंय अशी बातमी आली, फलियात फोन लागत नव्हते, म्हणून नाना स्वतः फलियात लोकांना उठवायला गेले. सगळे जवळच्या टेकाडावर चढले आणि पाण्याने टेकाडाला तिन्ही बाजूंनी वेढलं. चौथ्या बाजूला सुकडी फुगलेली. बचावाची मोठी बोट दुसऱ्या गावी गेली होती. एका मासेमाराची लाकडी नाव मात्र दुपारपासून फेऱ्या मारत होती. एका खेपेला चार-पाच माणसं.

आमच्यासमोर नाव आली. त्यात दोन बायका, तीन लहान मुलं आणि एक बकरी. नाववाल्याने आमच्याकडे पाहून विचारलं, "मास्टरजी के घर से हो?"

मी मान हलवली.

"वो उठ नहीं रहे. पहले बोले सबको ले जाओ. अब सब आ गए, तो वो हिलते ही नहीं. कुछ बोलते भी नहीं." त्याने आभाळाकडे पाहिलं. "एक खेप और होगी. पानी बढ़ रहा है."

शिरीष म्हणाला, "मी जातो."

मला माहीत होतं, शिरीषचं ते ऐकणार नाहीत. जावयासमोर नाना नेहमी सांभाळून, सभ्यपणे नकार देत. मी सँडल काढल्या. भीतीने माझे दात एकमेकांवर आपटत होते आणि पावसामुळे थंडी वाजतेय असं मी दाखवलं. नावेत बसल्यावर मी दोन्ही कडा धरल्या. नाव शेतांवरून जात होती. कापसाची झाडं बुडाला घासत होती आणि तो आवाज थेट माझ्या कण्यात चढत होता. एके ठिकाणी नाववाला म्हणाला, "सिर नीचे, दीदी." विजेच्या तारा माझ्या डोक्यावरून हातभर अंतरावर गेल्या. लाइट बंद केली असेल का, हे मी विचारलं नाही.

नाना टेकाडावर एका पळसाच्या बुंध्याला टेकून बसले होते. पिशवी मांडीवर, एका हाताने मूळ धरून. मला पाहून ओळख पटल्यासारखे डोळे हलले. मी शेजारी बसले. त्यांचे हात बर्फासारखे होते.

"मंजू," ते म्हणाले, "मला ऐकूच आलं नाही."

"काय, नाना?"

"पाणी. मी सुकडीकडे तोंड करून उभा होतो. वरून येईल म्हणून कान देऊन. ते मागनं आलं. पावलाला गार लागलं तेव्हा कळलं." मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी त्या पोरांना खालच्या वाटेनं नेत होतो गं. म्हटलं, खाली काही आवाज नाही. अजून थोडं गेलो असतो तर."

मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा घाबरलेलं पाहत होते. त्याआधी माझ्या सगळ्या भीतीच्या मागे एक आधार होता, की नानांना भीती वाटत नाही. तो आधार माझ्या डोळ्यांसमोर गेला. नाववाल्याने खालून हाक मारली. पाणी आम्ही बसलो होतो तिथून पाच-सहा पावलांवर आलं होतं, अगदी शांत, कडेला मुंग्यांचा एक काळा गोळा तरंगत होता.

मी त्यांना समजावलं नाही. मला तेवढा दम नव्हता. जे खरं होतं तेच तोंडातून बाहेर पडलं. "नाना, मला फार भीती वाटतेय. मी एकटी परत त्या नावेत बसणार नाही. मला सोबत हवी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मास्तरच ते. घाबरलेलं पोर समोर आलं की त्यांचं अंग आपोआप उठायचं. त्यांनी मूळ सोडलं, माझा खांदा धरला आणि उभे राहिले. "चल," म्हणाले, "मधोमध बस. कडेला हात टेकू नकोस." नावेत बसल्यावर त्यांनी माझं मनगट पकडलं ते काठ लागेपर्यंत सोडलं नाही. कोण कुणाला धरून होतं ते मला आजही सांगता येणार नाही.

फलियातली सगळी माणसं वाचली. चार बकऱ्या आणि एक वासरू गेलं. नानांच्या घरात कमरेइतकं पाणी आठवडाभर उभं होतं.

त्यांना आम्ही देवासला आणलं. आमच्या सोसायटीत पार्किंगपलीकडे एक मोठा नाला आहे, शहराचं सांडपाणी वाहून नेणारा. पहिला पावसाळा नाना गॅलरीत खुर्ची टाकून त्याच्याकडे बघत बसले. जेवताना मध्येच ताटावरून मान वर करत. ईशाने विचारलं, "नाना, क्या सुन रहे हो?" ते म्हणाले, "काही नाही." मग मला हळूच म्हणाले, "इथे पंख्याचा, गाड्यांचा इतका आवाज आहे, की काही कळत नाही." आता ते रोज सकाळी भुवानसिंगला फोन करतात. पाणी कुठवर आलं ते विचारतात. तो सांगतो ते ऐकून घेतात, पण त्यांचा विश्वास बसत नाही हे मला दिसतं. तो आकडा सांगतो. नानांना कानाने ऐकायचं असतं.

गेल्या माघात पाणी पूर्ण उतरल्यावर त्यांनी गावी जायचं म्हटलं. आम्ही दोघंच गेलो. शिरीषने ड्रायव्हर दिला होता. घर उभं होतं. भिंतींवर माझ्या कमरेइतकी एक तपकिरी रेघ, सगळ्या खोल्यांतून सारख्या उंचीवर गेलेली. माईच्या देवघराचा कोनाडा त्या रेघेच्या बोटभर वर. नानांनी तिथे हात फिरवला. मग आम्ही धावडीवर गेलो. दगड दिसेनात. त्यांच्यावर हातभर गाळ बसला होता, उन्हाने तडकलेला, आणि त्या गाळातून पाण्याची एक बारीक रेघ वाट शोधत चालली होती, आधीच्या जागेपासून बरीच बाजूला. नाना काठावर उभे राहिले. पाणी वाहत होतं, पण खळखळायला त्याच्याखाली दगड नव्हते.

भुवानसिंगने जेवायला बोलावलं होतं. तो म्हणाला, "माटसाब, ठंड में तो आ जाया करो. ठंड में कोई डर नहीं." नाना हसले. मक्याची भाकर आणि उडदाची डाळ, दोघंही पोटभर जेवलो. फलियातल्या दोन बायका नानांच्या पाया पडायला आल्या. त्यांच्यातली एक नावेत होती. तिच्या मुलाने नानांना पाढे म्हणून दाखवले, बाराच्या पाढ्यात अडखळला, नानांनी सावरून घेतलं. मला वाटलं, आता हे इथेच राहतो म्हणणार. मी मनात उत्तरं जुळवायला लागले. औषधं कोण देणार, पावसाळ्यात काय, पडलात तर काय.

ऊन कलायला लागलं होतं. नानांनी आभाळाकडे पाहिलं, काठीवर भार देऊन उठले आणि मला म्हणाले, "चल मंजू. उजेड आहे तोवर निघू. घरी पोचायला वेळ लागेल."

मी पुढे होऊन गाडीचं दार उघडलं. ते आत बसेपर्यंत मला काय झालं ते कळलंच नाही. मग कळलं. त्यांनी देवासला घर म्हटलं होतं. ते त्यांच्या तोंडून ऐकायची मी कित्येक वर्षं वाट पाहिली होती. आणि ते ऐकलं तेव्हा मला आनंद झाला नाही. आता इथे आमचं कुणीच नव्हतं. पुढच्या भाद्रपदात अलर्ट येईल तेव्हा कुणासाठी घाबरायचं, तेही मला ठाऊक नव्हतं.